२.९ मीटरची हवेची बोट, ६ एचपीचं इंजिन: वेग किती मिळायला हवा?

बोरकूट

नमस्कार मंडळी. आम्ही नेदरलँड्समध्ये लायडनजवळ राहतो. इथे ज्याच्या त्याच्याकडे बोट आहे आणि आम्ही इतकी वर्षं काठावर उभं राहून हात हलवतोय. यंदा नवऱ्याने मनावर घेतलंय. घडी करून गाडीच्या डिकीत मावेल अशी हवेची बोट बघितली आहे: लांबी २.९ मीटर, तळही हवेचाच (पंपाने ताठ होणारा), खाली हवेची कील (तळाखाली मधोमध लांब जाणारा उंचवटा). पाटीवर जास्तीत जास्त १० एचपी आणि ४ माणसं असं छापलंय. इंजिन ६ एचपी, फोर-स्ट्रोक.

दुकानदार म्हणतो, "ताशी ३० किमी सहज." नवऱ्याच्या ऑफिसातला एक डच माणूस म्हणतो, १०च्या वर काटा जाणार नाही. दोघेही अगदी छातीठोक! आता एकाच बोटीचे ३० आणि १० असे दोन आकडे कसे असतील? आम्हाला शर्यत लावायची नाहीये, पण तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन डबा खाऊन यायला अख्खा दिवस लागू नये एवढीच अपेक्षा. कोणी अशी बोट प्रत्यक्ष चालवली आहे का?

टवाळखोर

वल्ही घ्या. पेट्रोल वाचेल आणि नवऱ्याचं पोटही उतरेल. वेग दोन्ही उतरल्यावर वाढेल.

चिवल्याचो

वरच्यांनी थट्टा केली, पण मुद्द्याचं बोलले. ताई, ३० जरा जास्तच सांगितले, पण १० आणि २०-२२ हे दोन्ही आकडे त्याच बोटीचे असू शकतात. आमच्याकडे मालवणात कोणी नवीन माणूस बोट घ्यायला आला की विचारतो, इंजिन केवढा घेऊ? म्हातारे विचारतात, "माणसां किती बसतली ता सांग आधी."

तर बोटीत कोण कोण बसणार, कोणाचं वजन किती, सामान किती, बोट आणि इंजिन किती किलोचं, हे सगळं इथे लिहा. लाजू नका. मी स्वतः ९२ आहे.

बोरकूट

@चिवल्याचो, घ्या, घरातली गुपितं. नवरा ८४, मी ६२, मुलगा (वय १३) ४५. बोट ३८ किलो. इंजिन २६. बारा लिटरची वेगळी टाकी, ती भरून ११च्या आसपास. जॅकेटं, नांगर, वल्ही, पंप, डबा, पाणी मिळून १५ धरा.

चिवल्याचो

म्हणजे तिघं मिळून २८१. एका एचपीला ४७ किलो. तिघांनी डबा घेऊन जायचं तर तुमचा डच माणूस बरोबर आहे. नवरा एकटा गेला, अर्धं सामान काठावर ठेवलं, तर १६७. एचपीला २८ किलो. तेव्हा २०-२२ दिसतील. दुकानदाराने बहुतेक एकटा बारीक माणूस, सपाट पाणी आणि मागून वारा असं धरलं असणार.

घर्षण

चिवल्याचो यांचं गणित बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो. (नोकरी पंपांची आहे, बोटी हा छंद. मुळशीच्या पाण्यावर मित्राच्या बोटीत बरीच डोकेफोड केली आहे.)

अशा बोटीला खरं म्हणजे दोनच वेग असतात आणि मधल्या पट्ट्यात ती नुसती पेट्रोल पिते.

पहिला वेग पाणी बाजूला सारत जाण्याचा. बोट पुढे जाताना नाकापाशी एक लाट उठते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की मागचा भाग लाटेच्या खळग्यात बसतो आणि बोट आपल्याच लाटेचा चढ चढत राहते. हा वेग काढायचं जुनं सूत्र आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. तुमची बोट २.९ मीटर असली तरी मागे निघालेली, कडेच्या हवेच्या नळ्यांची टोकं आणि वर वळलेलं नाक वजा केलं की टेकलेली लांबी २.४ मीटर, म्हणजे साधारण ८ फूट. ८चं वर्गमूळ २.८३, गुणिले १.३४, म्हणजे ३.८ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी. उत्तर आलं ताशी ७ किमी. एवढा वेग अडीच एचपीचं पिल्लूही देतं. त्यापुढे मूठ पिळलीत की नाक आभाळाकडे, मागची फळी पाण्यात, आवाज दुप्पट आणि वेग फार तर १० ते ११.

दुसरा वेग प्लेनिंगचा. ताकद वजनाला पुरली तर बोट तो चढ ओलांडते, नाक खाली येतं, तळ पाण्यावर घसरायला लागतो आणि इंजिनाचा आवाज तोच असताना वेग एकदम १६-१८ वर उडी मारतो. त्या क्षणाला मूठ थोडी सोडली तरी चालतं. ज्याने हे एकदा अनुभवलं त्याला मग ११ची चाल सहन होत नाही, हा धोका लक्षात ठेवा.

प्लेनवर येईल की नाही याचा ठोकताळा: एकूण वजन (बोट, इंजिन, इंधन, माणसं, सामान सगळं) भागिले एचपी. २५ किलोपर्यंत निवांत येते. ३० पर्यंत कुरकुरत येते. ३५ च्या पुढे नशीब, कौशल्य आणि सपाट पाणी हवं. ४५ ला विषय संपला.

प्लेनवर आल्यावर वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या हिशेबात वाढतो. म्हणजे दुप्पट इंजिन लावलं तर दुप्पट वेग नाही, चाळीसेक टक्के जास्त. तेही वजन तेच राहिलं तर, आणि ते राहत नाही कारण मोठं इंजिन जड असतं.

शेवग्याची शेंग

वाचतेय. बोट घ्यायची अजिबात शक्यता नाही, पण धागा आवडला.

काळी वाळू

ऑकलंडहून. आमची ३.१ मीटरची, तळ ॲल्युमिनियमचा, इंजिन ९.८. फोनच्या जीपीएसवर सपाट पाण्यात दिसलेले आकडे: मी एकटी २९-३०, नवरा-बायको दोघं २३-२४, दोघं आणि मोठी मुलगी असं तिघं तर कधी १९, कधी १२ ला अडकून. तो फरक मुलगी कुठे बसते त्यावर पडतो. टाकी नाकापाशी ठेवायची आणि मुलीला पुढच्या दोरीला धरून बसवायचं, मग बोट उठते. सगळे मागे गप्पा मारत बसले की नाही उठत. टिलरला (इंजिन वळवायच्या दांड्याला) लावायची लांब नळी मिळते, ती घ्याच. चालवणारा माणूस मागच्या फळीला चिकटून बसला की सगळी गंमत जाते, आणि एकटा असेल तर वाऱ्यात नाक इतकं उचललं जातं की उलटायची भीती.

आणखी एक, हवेचा दाब. हे कोणीच गांभीर्याने घेत नाही. नळ्यांत पाव बार असं आमच्या पाटीवर लिहिलंय, तुमच्यासारख्या हवेच्या तळाला पाऊण बारच्या आसपास लागतो. तुमच्या पाटीवर बघा. पायपंपाने तळ पाऊण बारला नेताना घाम निघतो, मग लोक "झालं झालं" म्हणून सोडून देतात. तशी मऊ बोट लाटेवर ओल्या पापडासारखी मध्ये दुमडते. वेग तिथेच जातो आणि माणूस इंजिनाला शिव्या घालतो.

घर्षण

@काळी वाळू, दाबाचं अगदी बरोबर. नेदरलँड्ससाठी त्यात एक भर. मे महिन्यात उन्हात २५ अंशांना बोट भरली आणि १२ अंशांच्या पाण्यात सोडली, तर आतली हवा आकसते. नळीत पाव बार म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब (सुमारे एक बार) धरून सव्वा बार. त्याचे चारेक टक्के गेले की सुमारे ०.०५ बार कमी. म्हणजे भरलेल्या पाव बारातला पाचवा हिस्सा गायब, कुठेही भोक नसताना. म्हणून पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा चार पंप मारायचे. उलट, काठावर ओढून उन्हात ठेवलीत तर थोडी हवा सोडायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धरणाच्या काठावर दुपारी नळ्या ढोलाएवढ्या ताठ झालेल्या असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

कृष्णाकाठ

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आम्ही काही जण बचावाच्या बोटींवर होतो. त्या बोटी तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, इंजिन (आम्ही ओबीएम म्हणतो) ४० एचपीचं. पण धडा तोच. रिकामी बोट उसाच्या बुडालेल्या फडांवरून अशी सुटायची की डोळ्यांत पाणी. परत येताना आत म्हातारी माणसं, पोरं, गाठोडी, एखादी शेळी. तीच बोट, तोच माणूस टिलरवर, आणि नाक वर करून ढकलत ढकलत यायचं. तिथे मूठ पिळून काही उपयोग नसतो, फक्त मागच्या फळीवरून पाणी आत येतं. आमच्यात एक जुना हवालदार होता, तो पिळणाऱ्याच्या हातावर चापटी मारायचा.

गावात शिरल्यावर तर चालण्याच्या वेगानेच. पाण्याखाली कंपाउंडची भिंत, मोटारसायकल, तारा, काहीही असतं. एकदा इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात खताचं पोतं अडकलं, ते कापून काढताना प्रवाहाने बोट लांब नेली. हे अवांतर झालं, सोडा.

मुद्द्याचं: जीपीएसवरचा आकडा जमिनीच्या हिशेबाने असतो, पाण्याच्या नाही. प्रवाहाबरोबर ३० दिसेल, उलट १८. खरा वेग २४. तुमच्या तळ्यात प्रवाह नसेल, पण वारा असतोच आणि हवेची बोट वाऱ्यावर भरकटते. म्हणून एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची. यूट्यूबवर एका दिशेचा आकडा दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

टवाळखोर

@कृष्णाकाठ, आता थट्टा करवत नाही. सलाम.

नियमबुवा

उट्रेख्टहून. सगळे वेग वाढवायच्या मागे लागलेत, म्हणून एक डच खोडा घालतो. इथे २० हा आकडा कळीचा आहे. पाण्यातून ताशी २० किमीपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकणारी छोटी मोटारबोट म्हणजे कायद्याने 'वेगवान मोटारबोट'. 'जाऊ शकणारी' हे नीट वाचा. तुम्ही ६ च्या वेगाने जात असलात तरी बोट २० ओलांडू शकत असेल तर नियम लागू. म्हणजे:

आरडीडब्ल्यूकडे (इथलं वाहन नोंदणी खातं) नोंदणी आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना दिसेल असा नंबर. चालवणाऱ्याकडे 'क्लाइन फारबवाइस', म्हणजे छोट्या बोटीचा परवाना (पहिल्या भागात नद्या, कालवे, तळी, आयसलमेर वगैरे मोठ्या पाण्याला दुसरा भाग). चालवणाऱ्याचं वय किमान १८. किल-स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी), प्रत्येकाला जॅकेट.

आणि २० च्या वर पळवायला जागा ठरलेल्या असतात, नकाशात बघाव्या लागतात. ॲमस्टरडॅमच्या जुन्या कालव्यांत मर्यादा ६ आहे. तळ्याच्या तोंडाशी पाटी असते, ती वाचायची.

मुलगा १३ चा आहे म्हणालात. त्याच्या हातात टिलर द्यायचा विचार असेल तर तोही सोडा. १२ ते १६ वयाला सूट आहे ती ७ मीटरच्या आतल्या, उघड्या आणि १३ किमीपेक्षा जास्त पळू न शकणाऱ्या बोटींना.

बोरकूट

@नियमबुवा, हे दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही! शेवटची ओळ मुलाला वाचून दाखवली, तो खोलीत जाऊन बसलाय.

मग आता ९.८ घ्यायचं मनात आलं होतं (काळी वाळू यांचे आकडे वाचून) त्याचं काय? दीर पहिल्यापासून तेच म्हणतायत.

काळी वाळू

घ्या ९.८. तिघं असाल तर सहावर कायम अडखळत राहाल. परवाना काय, एकदाच काढायचा.

चिवल्याचो

मी उलट म्हणेन. ९.८ चं फोर-स्ट्रोक ३७ किलो असतं, सहाचं २६. कागदावर अकरा किलोचा फरक, पण ते डिकीतून काढून, ओल्या उतरंडीवरून नेऊन, हलत्या बोटीच्या फळीवर अडकवायचं कोणी? पहिल्या उन्हाळ्यात हौसेने कराल, दुसऱ्या उन्हाळ्यात बोट माळ्यावर. आमच्याकडे होडीवर इंजिन चढवायला चार हात मिळतात, तुमच्याकडे नवरा आणि रुसलेला मुलगा.

पाटीवर १० लिहिलंय म्हणून १० लावलंच पाहिजे असंही नाही. हवेच्या तळाच्या २.९ मीटरला ९.८ लावून एकटा माणूस वाऱ्यात निघाला तर बोट थरथरते, हातात काही राहत नाही.

आणि ८ एचपीचा मधला रस्ता सुचवायला कोणी येण्याआधी सांगतो: बऱ्याच कंपन्यांत ८ आणि ९.८ हे एकाच ठोकळ्याचे असतात, वजन सारखंच. तसंच ४, ५, ६ हेही एकाच ठोकळ्यातले. म्हणून घ्यायचं तर ६ किंवा ९.८, मधलं-खालचं घेऊन वजन तेवढंच उचलायचं कशाला?

काळी वाळू

वजनाचं मान्य. आमची बोट चाकाच्या गाडीवरून जाते, इंजिन लावलेलंच असतं. डिकीतून काढ-घाल करायची तर माझं मत बदलू शकतं. पण मग तिघांनी प्लेनिंगची स्वप्नं बघू नयेत.

सह्यकडा

कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्याच्या बाजूला अशी बोट नेली तर तिथल्या उंचीने फरक पडतो का? जाणकारांनी सांगावं.

घर्षण

पडतो, थोडा. दर ३०० मीटर चढाईला इंजिनाची ताकद तीनेक टक्के कमी होते. जलाशय भरलेला असताना पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, म्हणजे सहा-सात टक्के गेले. सहाचं साडेपाच झालं म्हणा. एकट्याला कळणार नाही, काठावरच्या वजनाला कळेल. बोरकूट ताईंची तळी समुद्रसपाटीला किंवा तिच्याही खाली, तिथे हे कारण चालणार नाही. (आधी तिथल्या बंदोबस्ताची आणि परवानगीची चौकशी मात्र करा, धरणाचं पाणी आहे.)

बोरकूट

मंडळी, ट्रायल झाली! दुकानदाराने दाखवायची बोट आणि ६ एचपीचं जुनं रुळलेलं इंजिन दिलं, सोबत त्याचा एक पोऱ्या. वारा मंद. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जाऊन-येऊन आकडे घेतले, सरासरी देते.

नवरा एकटा: १८. तो खट्टू. मग पोऱ्याने काठावरून ओरडून विचारलं, चाकं वर केलीत का? बोट उतरवायला मागच्या फळीला दोन चाकं असतात, ती खाली लोंबत होती आणि फवारा उडत होता. खिळा काढून चाकं वर केली, पुन्हा गेला: २१.५. चेहऱ्यावर लग्नातसुद्धा एवढा आनंद नव्हता.

नवरा आणि मी, दोघं मागच्या आडव्या फळीवर बसून: ११. आवाज भयंकर, मला समोर फक्त बोटीचं नाक दिसत होतं. मग मी पुढे सरकून नाकापाशी बसले, टाकी माझ्या पायाशी, नवरा टिलरची नळी लावून मध्यावर. सात-आठ सेकंद काहीच झालं नाही, आणि मग कोणीतरी खालून उचलल्यासारखी बोट आडवी झाली, क्षितिज दिसलं. १७. पण एक मोठी बोट शेजारून गेली, तिच्या लाटेवर आपटलो आणि पुन्हा ११.

तिघं: ९. मुलाने शेवटी म्हटलं, सायकलने आधी पोचलो असतो.

घर्षण

सुरेख मोजणी. दोघांचं वजन भागिले ६ करा, ३९ येतं. माझ्या ठोकताळ्यात ते 'नशीब आणि कौशल्य' या खात्यात आहे आणि तुम्हाला दोन्ही मिळालं.

आता पंख्याकडे बघा. पंख्यावर पिच इंचात कोरलेलं असतं; एका फेरीत तो पाण्यात कागदोपत्री किती इंच पुढे जाईल ते. तुमच्या वर्गातल्या इंजिनांत गिअर २.१५ च्या आसपास असतो, म्हणजे इंजिनाच्या २.१५ फेऱ्यांना पंख्याची एक. इंजिनाच्या मिनिटाला ५५०० फेऱ्यांना ८ पिचचा पंखा कागदावर ताशी ३१ किमी जातो, ७ चा २७, ६ चा साडेतेवीस. प्रत्यक्षात पाणी निसटतं, या आकाराच्या बोटीत २०-२५ टक्के. म्हणजे ८ ला २३-२५, ७ ला २०-२२, ६ ला साडेसतरा ते पावणेएकोणीस. तुमच्या २१.५ वरून त्या बोटीवर ७ किंवा ८ असणार.

पिच कमी केलं की वरचा वेग जातो पण ओढ वाढते. इंजिन चढावर पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतं, तिथे त्याची ताकद असते. ६ पिचवर तुम्ही दोघं बऱ्याच भरवशाने प्लेनवर याल.

टवाळखोर

थांबा. ६ पिचवर बोट १९ च्या आत राहत असेल तर नोंदणी, परवाना, सगळंच वाचलं की! पंख्याच्या पैशात कायदा खिशात.

नियमबुवा

@टवाळखोर, वाटतं तेवढं सोपं नाही. बारीक माणूस एकटा बसला, सपाट पाणी मिळालं, फेऱ्या ६००० वर गेल्या की त्याच पंख्यावर घर्षण यांच्या हिशेबाने १९-२० निघतील. पाण्यावरचा पोलीस तुमचा कागद बघणार नाही, बोट किती पळते ते बघेल. आणि डिकीत ८ चा जुना पंखा सापडला तर आणखी शोभा. काठावर राहण्यापेक्षा नोंदणी करून टाका.

घर्षण

कायद्याचं ते जाणोत, इंजिनाचं मी सांगतो. ६ पिचवर एकटा माणूस मूठ पूर्ण पिळून सतत चालवत असेल तर फेऱ्या ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ शकतात. स्वस्तातला फेऱ्या मोजायचा मीटर मिळतो, स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा. तो लावून बघा आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेत ठेवा. एकट्याला ८, दोघांना ६, असे दोन पंखे बाळगणारेही आहेत. बदलायला पाच मिनिटं लागतात.

आणि इंजिन नवं घेतलंत तर पहिले दहा तास रुळू द्यायचं. सुरुवातीला पूर्ण मूठ नाहीच. तेव्हा पहिल्याच रविवारी आकडे मोजायला जाऊ नका.

शेवग्याची शेंग

पंखा उलटा बसवला तर बोट मागे जाते का? (प्रामाणिक प्रश्न.)

चिवल्याचो

नाय गो. बसतच नाही तसा.

बोरकूट

ठरलं. ६ एचपीच घेतोय. ९.८ नवऱ्याने दुकानात एकदा उचलून पाहिलं आणि विषय स्वतःच संपवला. परवान्याची परीक्षा दोघंही देणार, पुस्तक मागवलंय (डचमध्ये आहे, देवा). नोंदणी करणार. जास्तीचा ६ पिचचा पंखा सोबतच सांगितला. तिघांनी जायचं असेल तेव्हा ९ च्या चालीने, लवकर निघून.

एक शंका राहिली. नोंदणीचा नंबर हवेच्या नळीवर कसा चिकटवतात? हवा काढून घडी केली की स्टिकर निघणार नाही का?

नियमबुवा

निघतोच. म्हणून बरेच जण नंबर प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लावतात आणि पट्टी नळीवरच्या दोरीच्या कड्यांना बांधतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. घडी करताना काढून ठेवायची. चारही कोपरे बांधा, दोनच बांधले तर वाऱ्यात फडफडून तुटते.

चिवल्याचो

पंखा बदलाल तेव्हा नटातली स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवायची ती) पुन्हा वापरू नका, नवी घाला. दोन-चार जास्तीच्या पिना, पक्कड आणि एक नट डब्यात बंद करून बोटीतच ठेवा, आणि तो डबा बोटीला दोरीने बांधा. बदलायचं कायम काठावर. पाण्यात उभं राहून बदलायला गेलात तर नट पहिला बुडतो.